पुस्तकं आहेत, ग्रंथपाल कुठे आहे?

ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिन येतो, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सवाचे मांडव पडतात, आणि पुण्यात एक ठरलेलं भांडण सुरू होतं. एका बाजूला ‘मोबाइलनं पोरांचं वाटोळं केलं, हल्ली कोणी वाचतच नाही’ म्हणणारे. दुसऱ्या बाजूला ‘जग कुठे चाललंय, तुम्ही कागदाला कवटाळून बसलाय, एआयला विचारलं की झालं’ म्हणणारे. दोन्हीकडची मंडळी शिकलेली, दोघांच्याही घरात पुस्तकांची कपाटं, आणि आपल्या भागातल्या शाळेच्या ग्रंथालयात शेवटचं पाऊल कधी टाकलं होतं हे दोघांनाही सांगता येणार नाही. कागद की पडदा यावर रान उठतं आणि मूळ दुखणं बाजूलाच राहतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाळेच्या ग्रंथालयात खरी वानवा पुस्तकांची नाही, टॅबचीही नाही. वानवा आहे माणसाची आणि तासाची. माहिती शोधायची कशी, पडताळायची कशी हे शिकवणं ज्याचं काम आहे असा ग्रंथपाल, आणि ते शिकवायला वेळापत्रकात राखून ठेवलेला तास. हे दोन नसतील तर नवी पुस्तकं घ्या नाहीतर नवे टॅब घ्या, मुलांच्या पदरात फारसं काही पडत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ते ग्रंथालय चालवायचं कोणी, याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नाही. आपल्याकडे अनुदानित माध्यमिक शाळांना ग्रंथपालाचं पद मिळतं ते पटाच्या हिशेबानं: हजाराच्या वर मुलं असतील तर पूर्णवेळ, पाचशे ते हजार असतील तर अर्धवेळ. त्याखालच्या शाळांनी आणि प्राथमिक शाळांनी आपलं आपण पाहावं. म्हणजे वाचायची गोडी लागते त्या वयात मुलाला ग्रंथपाल भेटतच नाही. आणि पुढे भेटतो तो बहुतेक वेळा अर्धा पगार घेऊन पूर्ण दिवस राबणारा. शिष्यवृत्तीचे फॉर्म, यू-डायस या सरकारी नोंदीसाठी भरायची शाळेची माहिती, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कोणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा ऑफ तास. यातून वेळ उरला तर ग्रंथालय.

एखाद्या शाळेत जाऊन डोळ्यांनी बघा. मुख्याध्यापकांच्या खोलीत नाहीतर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेची दारं असलेली दोन लोखंडी कपाटं. वर कुठल्याशा स्पर्धेतल्या ढाली, आत पाठीवर पांढऱ्या शाईनं दाखल अंक घातलेली पुस्तकं, आणि किल्ली ज्यांच्याकडे ‘चार्ज’ आहे त्या बाईंच्या पर्समध्ये. बाईंकडे तिसरीचा अख्खा वर्ग आहे. पुस्तक हरवलं तर ऑडिटला विचारणा त्यांना होणार, भरपाईचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळणार. मग त्यांनी कुलूप उघडावंच का? त्यांच्या जागी मी असतो तर मीही किल्ली घरी विसरलो असतो. कपाटातल्या पुस्तकांत प्लूटो अजून नववा ग्रह आहे आणि नकाशात तेलंगण जन्माला यायचं आहे. ती पुस्तकं काढून टाकायची म्हटलं तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करायचा, प्रस्ताव करा, मंजुरी आणा, नोंदवहीत लाल शाईनं शेरा मारा. त्यापेक्षा राहू दे तिथंच.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सूत्र: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकी उघड गोष्ट सूत्र म्हणून सांगायची वेळ का यावी? कारण ती कधीच उघड नव्हती. मध्ययुगीन युरोपात ग्रंथालयातली पुस्तकं साखळदंडानं फळीला जखडलेली असत. तिथं निदान कारण होतं. एकेक पोथी हातानं लिहिलेली, तिची किंमत मोठी. छपाईनं पुस्तक स्वस्त झालं तशा साखळ्या गळून पडल्या. आपलं कुलूप मात्र चाळीस रुपयांच्या गोष्टीच्या पुस्तकावरही आहे. ते पुस्तकाच्या किमतीपायी नाही, जबाबदारीच्या भीतीपायी आहे, आणि ती भीती घालवायला ज्याचा पगार ग्रंथालयासाठीच आहे असा माणूस लागतो.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू, कारण त्यात दम आहे. फोननं जे केलं ते शंभर वर्षांत कोणत्याही अनुदानानं केलं नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड घरात असणारी कुटुंबं पुण्यात तरी किती होती? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेला मराठी विश्वकोश एके काळी शाळेच्या कपाटातही मिरवण्यापुरता असायचा. आज राजगडाच्या पायथ्याच्या गावातली मुलगी तो फोनवर उघडू शकते. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं ऑनलाइन ठेवले आहेत. हे सगळं खुशाल मान्य. कोणी म्हणालं की शाळेनं जाडजूड कोश विकत घेण्यात आता अर्थ नाही, तर मी हात वर करून पाठिंबा देईन.

पण मग पुढचा प्रश्न विचारायला हवा. इतकं सगळं हातात आल्यावर मुलं करतायत काय? अकरावी-बारावीचा पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षेचा प्रकल्प काढून बघा. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, पहिल्या पानावर गुलाबाच्या चौकटीत नाव, पुढे दहा पानं छापील मजकूर. त्या मजकुरात मथळ्यांशेजारी चौकटी कंसात ‘संपादन’ असा शब्द तसाच राहिलेला असतो, कारण विकिपीडियाचं पान उचलताना तोही आला आणि तो काय आहे हे ना मुलाला कळलं, ना तपासणाऱ्याला. शेवटच्या पानावर संदर्भ: १) गूगल, २) यूट्यूब. आता त्यात एआयचं तिसरं नाव वाढेल आणि ‘संपादन’ हा शब्द गायब होईल, कारण यंत्र मजकूर साफ करून देतं. शिक्षक भरघोस गुण देतात. कोणी कोणाला फसवत नाही. प्रकल्प म्हणजे काय करायचं असतं हे यातल्या कोणालाच कोणी शिकवलेलं नाही.

माहिती हाताशी असणं आणि ती पारखता येणं यात किती अंतर आहे याचा एक चांगला दाखला अमेरिकेतला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा पीएचडी इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी अशा पंचेचाळीस जणांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थीच नव्हे, इतिहासकारसुद्धा चकचकीत पानाला, भारदस्त नावाला, खाली लावलेल्या संदर्भांना भुलले. तपासनीस भुलले नाहीत. त्यांनी केलं एवढंच, की समोरचं पान नीट वाचत न बसता ते पटकन बाहेर पडले आणि ‘ही संस्था कोणाची, हिच्याबद्दल इतर लोक काय म्हणतात’ हे दुसरीकडे शोधलं. यात उपजत हुशारी कुठे आली? ही शिकवता येणारी सवय आहे. जी डॉक्टरेट झालेल्या माणसाकडे आपोआप येत नाही, ती हडपसरच्या नववीतल्या मुलाकडे फोन दिल्यानं येईल, असं कोणत्या आधारावर म्हणायचं? एआयनं तर अडचण वाढवली आहे. पूर्वी निदान दहा दुवे समोर यायचे, त्यांतला एक निवडावा लागायचा. आता थेट उत्तर येतं, ठाम सुरात येतं, आणि कधी कधी जगात नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ घेऊन येतं. असं पुस्तक खरंच आहे का, हे बघायची जागा आणि रीत ग्रंथालयाकडेच आहे.

शोधायला शिकवायचं म्हणजे नक्की काय, हे हवेत बोलायला नको. समजा नववीच्या वर्गाला विषय दिला: पानशेतचा पूर. आज मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. संपला प्रकल्प. आता तोच विषय ग्रंथपालाच्या हाती द्या. तो विचारेल: पाणी आपल्या शाळेच्या भागात कुठपर्यंत आलं होतं आणि हे तुला कशावरून कळलं? मग मुलाला त्या आठवड्यातला ‘सकाळ’ किंवा ‘केसरी’ बघावासा वाटेल, नकाशा लागेल, नारायण पेठेतल्या एखाद्या आजोबांना गाठावं लागेल. आजोबा सांगतील ती पाण्याची उंची आणि बातमीतली उंची जुळणार नाही. मृतांचे आकडे दोन ठिकाणी दोन सापडतील. इथं मूल पहिल्यांदा अडेल, आणि माझ्या मते शिक्षण इथंच सुरू होतं. कोणावर विश्वास ठेवू? त्या क्षणी डोळ्यांनी पाहणाऱ्यावर, की सगळीकडून माहिती गोळा करणाऱ्यावर? गोखलेनगर आणि सहकारनगरच्या जुन्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या हे कळल्यावर तिथल्या मुलाला आपल्याच घराचा पत्ता निराळा वाटू लागेल. यासाठी महागडं काही लागत नाही. लागतो तो प्रश्न घासून देणारा, जुना अंक कुठे मिळेल हे ठाऊक असणारा आणि दोन आठवड्यांनी ‘मग काय सापडलं?’ म्हणून विचारणारा माणूस. वर्गशिक्षक हे करू शकणार नाही असं नाही. साठ मुलं, अपुरा पोर्शन आणि मतदार याद्यांचं काम सांभाळून तो हे करणार नाही, एवढंच.

हे विद्यापीठात शिकवायचं प्रकरण आहे, शाळेत कशाला, असा एक आक्षेप येतो. तोही अगदी टाकाऊ नाही. लहान वयात गोष्टीची गोडी आधी लागावी, तळटीपा नंतर. पण चौथीच्या मुलांची सहल लाल महालात जाते ना? मुलं भिंतींना हात लावून परत येतात. आज उभी असलेली ती इमारत महापालिकेनं १९८०च्या दशकात बांधलेली आहे, हे त्यांना कोणी सांगतं का? सांगितलं तर नऊ वर्षांचं पोर लगेच विचारेल, ‘मग खरा कसा होता? आणि तुम्हाला कसं माहीत?’ इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी वाईत सापडलेल्या कागदांपासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत मजल मारली, त्यामागे याच प्रकारचा प्रश्न होता. या शहरात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. शाळेतली मुलं त्याच्या दारावरून रोज रिक्षानं जातात.

आणि हा प्रश्न न शिकवण्याची किंमत पुण्यानं मोजलेलीही आहे. ५ जानेवारी २००४ ला जुन्या पोथ्या जपणाऱ्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, ती एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाच्या निमित्तानं. त्या पुस्तकातल्या मजकुरावर संतापायचा हक्क कोणालाही आहे. तो मजकूर पुराव्यानं खोडून काढायचाही हक्क आहे. पण ते पुस्तक संस्थेनं लिहिलं नव्हतं की छापलं नव्हतं. ऋणनिर्देशात तिथल्यांचे आभार मानलेले होते. ऋणनिर्देश म्हणजे काय, ग्रंथालयानं कोणाला पोथी काढून देणं आणि त्याच्या मताला मान्यता देणं यात फरक काय, हे आपण कोणत्या इयत्तेत शिकवतो?

आणखी एक आक्षेप: सरकार पैसे देतं, पुस्तकं येतात, तरी मुलं वाचत नाहीत, आणखी काय करायचं? पैसे येतात हे खरं आहे. समग्र शिक्षा अभियानात शाळेत कुठल्या इयत्तांपर्यंतचे वर्ग आहेत त्यानुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. ते खर्च कसं होतं हे मात्र कोणी बघत नाही. निधी हातात येतो तेव्हा मार्च अखेर डोक्यावर आलेली असते, पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं, मग यादीतला एक संच उचलायचा. शाळा पेठेतली असो की कात्रजच्या डोंगराखालची, संच तोच. त्यात थोर पुरुषांची चरित्रं अशा भाषेत, की ती वाचून थोर पुरुषांबद्दल मुलाच्या मनात दुरावाच यावा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत मुलांसाठी चित्रांची, विज्ञानाची, रहस्याची किती देखणी पुस्तकं आली, ती या संचांत क्वचित दिसतात, कारण पाचवीतल्या मुलीला काय हवंय हे विचारलेलंच नसतं. पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात वीस मुलांना घेऊन जा, प्रत्येकाला दोनशे रुपयांची मर्यादा द्या आणि निवडू द्या. त्यांतली अर्धी भुताच्या गोष्टी उचलतील. उचलू देत. ती पुस्तकं घरी जातील, फाटतील, परत चिकटवली जातील. कोरं राहिलेलं चरित्र आणि फाटलेली भुताची गोष्ट यांत ग्रंथालयाचे पैसे कुठे वसूल झाले?

बडोद्याचा इतिहास इथं शिकण्यासारखा आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. शिकलेलं मूल वाचायला काही नसेल तर चार वर्षांत पुन्हा निरक्षर होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा त्यांनी नुसती पुस्तकांची ऑर्डर दिली नाही. १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकी ग्रंथपाल बडोद्याला आणला, त्याच्याकडून इथली माणसं तयार करून घेतली, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. आपण नेमकं उलटं करतो: आचारी न ठरवता किराणा भरतो आणि वर जेवायला कोणी येत नाही म्हणून गळा काढतो.

सगळ्यांत अवघड आक्षेप खास पुणेरी आहे: या शहरात ग्रंथालयांना काय तोटा? नगर वाचन मंदिर आहे, पेठेपेठेत वाचनालयं आहेत, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे. ज्याला वाचायचं तो वाचतोच. ‘ज्याला वाचायचं’ या शब्दांतच सगळी मेख आहे. वाचनालयाचं सभासदत्व आजोबांकडून नातवाकडे जातं, तसं नळ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाकडे येत नाही. १८४८ साली पुण्यात दोन गोष्टी झाल्या. लोकहितवादींच्या पुढाकारानं नेटिव्ह लायब्ररी निघाली, जिचं आजचं रूप नगर वाचन मंदिर. आणि भिडेवाड्यात फुले दाम्पत्यानं मुलींची शाळा काढली. एकीचं दार वाचता येणाऱ्यांसाठी, दुसरीचं ज्यांना वाचूच दिलं नव्हतं त्यांच्यासाठी. जोतीरावांना शाळा पुरेशी वाटली नाही; १८५२ मध्ये त्यांनी ग्रंथालय काढल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. अक्षरओळख देऊन पुस्तकाविना सोडणं म्हणजे निम्मंच काम, हे त्यांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. सदाशिव पेठेतल्या मुलाचं शाळेच्या ग्रंथालयावाचून अडणार नाही. येरवड्यातल्या, जनता वसाहतीतल्या मुलाला दुसरं ग्रंथालयच नाही. शहरातल्या सगळ्या मुलांना जावंच लागतं अशी जागा शाळा ही एकच. मग ग्रंथालय दुसरीकडे कुठे असायला हवं?

पैशांचं काय? प्रत्येक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल उद्याच्या उद्या मिळणार नाही हे मलाही कळतं. शिक्षकांचीच पदं रिकामी असताना ते मागणं अनेकांना चैनीचं वाटेल. तर सुरुवात लहान करा. पाच शाळांना मिळून एक ग्रंथपाल, आठवड्यातला एकेक वार एकेका शाळेला, आणि त्याच्या मागून फिरणारी पेटी. विद्यापीठातून दर वर्षी ग्रंथालयशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात आणि बहुतेकांच्या मनात शाळा येतही नाही, कारण तिथं जागाच नाही. दर वर्षी पाच-दहा टक्के पुस्तकं हरवणार, फाटणार हे आधीच धरून चाला आणि ती रक्कम कोणाच्याही नावावर टाकू नका. प्रकल्पाच्या गुणांपैकी निम्मे गुण ‘हे तुला कुठे मिळालं आणि त्यावर विश्वास का ठेवलास’ याला द्या. त्याला तर छदामही लागत नाही.

हे सगळं वरून येईल म्हणून थांबायचंही कारण नाही. त्याच शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत स्वच्छतागृह, पोषण आहार, गणवेश यांवर बोलणं होतं, व्हायलाच हवं. त्याच बैठकीत विचारा: ग्रंथालयाचा तास कोणत्या वारी असतो, तो घेतं कोण, आणि गेल्या महिन्यात किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली? देवघेवीची वही मागवून घ्या. ती कोरी निघाली तर तसं इतिवृत्तात लिहायला लावा, आणि पुढच्या बैठकीला तीच वही पुन्हा मागा.